भंडारा : नाव कशावरून पडले?

स्नेहमेळाव्याच्या समितीने स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा शाळेच्या आठवणी लिहाव्यात असेच मनात होते. पण आठवणी लिहायला बसलो आणि एका परीक्षेतल्या एका प्रश्नापाशीच अडकलो. नववीची सहामाही परीक्षा. इतिहासाचा पेपर. दोन गुणांचा प्रश्न होता : ‘आपल्या शहराचे नाव कशावरून पडले ते लिहा.’

हा प्रश्न पुस्तकातला नव्हता. आपल्या सरांनी स्वतः तयार केलेला होता. उत्तरही त्यांनी वर्गात लिहून दिले होते : ‘भंडारा हे नाव भानारा या प्राचीन नावावरून पडले. या नावाचा उल्लेख रतनपूर येथे सापडलेल्या शिलालेखात आहे.’ मी ते जसेच्या तसे उतरवून काढले आणि दोन पैकी दोन गुण मिळवले.

आपल्या वर्गातल्या एका मित्राने मात्र वेगळे लिहिले. त्याचे नाव येथे लिहीत नाही, तुम्ही सगळे ओळखालच. त्याच्या घरी तीन पिढ्यांपासून पितळेच्या भांड्यांचे काम होते. त्याने लिहिले होते, ‘भाना म्हणजे पितळेचे ताट. आपल्या गावात भाने तयार होत, म्हणून भंडारा.’ त्याला शून्य मिळाले. पेपर वाटले त्या दिवशी तो उभा राहिला आणि म्हणाला, “माह्या आजोबानं सांगितलं, सर. ते काय खोटं बोलते का?” वर्ग हसला. मीही हसलो. सर हसले नाहीत. ते म्हणाले, “खोटं नाही रे. पण इतिहासात पुरावा लागतो.”

पुढे आपण सगळे पांगलो. नोकरीच्या निमित्ताने पुण्याकडे राहणे झाले आणि गावाचे नाव सांगताना वेगळीच गंमत कळली. भंडारा म्हटले की कोणाला जेजुरीची हळद आठवे. कोणी विचारी, “म्हणजे देहूजवळचा तुकोबांचा डोंगर का?” एखादा भंडारदऱ्याच्या धरणाची चौकशी करी. मठातल्या सार्वजनिक जेवणालाही भंडाराच म्हणतात, म्हणून एकाने “तुमच्याकडे रोजच पंगत असेल” असाही विनोद केला. इतके अर्थ ऐकल्यावर आपल्या भंडाऱ्याचा अर्थ कोणता, हा नववीतला प्रश्न पुन्हा डोके वर काढू लागला. सवड मिळेल तसे वाचत गेलो. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो.

आधी सरांचा शिलालेख. रतनपूर हे छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ आहे. तेथे कलचुरी घराण्याच्या एका शाखेची राजधानी होती. त्या घराण्यातल्या पहिल्या जाजल्लदेवाचा हा लेख. त्यावर कलचुरी संवत ८६६ असे वर्ष आहे, म्हणजे इ. स. १११४. जुन्या पुस्तकांतून ‘इ. स. ११०० चा लेख’ असा ढोबळ उल्लेख येतो तो हाच. भाषा संस्कृत. जाजल्लदेवाचा दरारा किती दूरवर होता हे सांगण्यासाठी, त्याला दरवर्षी कर किंवा भेटी पाठवणाऱ्या मांडलिकांच्या प्रदेशांची यादी त्यात दिली आहे. त्या यादीत वैरागर, लांजिका आणि भानारा ही नावे जवळजवळ येतात. वैरागर म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यातले वैरागड, हिऱ्यांच्या खाणींसाठी जुन्या काळी प्रसिद्ध असलेले. लांजिका म्हणजे बालाघाट जिल्ह्यातली लांजी. या दोन्ही जागा आपल्या शेजारच्या, म्हणून त्यांच्या सोबतीने येणारा भानारा म्हणजे आपला भंडारा, असे अभ्यासकांनी ठरवले.

हा शिलालेख पुढे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आला. तेच ते संग्रहालय, ज्याला आपण अजब बंगला म्हणतो आणि जेथे लहानपणी पेंढा भरलेले वाघ पाहायला जायचो. जर्मन पंडित कीलहॉर्न यांनी तो प्रथम ‘एपिग्राफिया इंडिका’त छापला. नंतर महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कलचुरींच्या सगळ्या लेखांचा मोठा संग्रह सिद्ध केला, तो १९५५ साली प्रसिद्ध झाला. मिराशी नागपूरचे, म्हणजे आपल्याच विदर्भाच्या विद्येतले थोर नाव. त्यांच्याआधी रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या शिलालेखांची जिल्हावार यादी केली होती. सरांनी फळ्यावर लिहून दिलेल्या त्या दोन ओळींच्या मागे एवढ्या माणसांचे कष्ट होते, हे तेव्हा कळले असते तर कदाचित आम्ही कमी हसलो असतो.

लांजीचे नाव आले म्हणून एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंग्रजी अंमलाच्या सुरुवातीला आपल्या या मुलखाचे मुख्य ठाणे लांजी होते. १८२०-२१ च्या सुमारास ते भंडाऱ्याला हलवले. ज्या दोन गावांची नावे सातशे वर्षांपूर्वी एका दगडावर शेजारी कोरली गेली, त्यातल्या एकाकडून दुसऱ्याकडे कारभार आला. आज लांजी दुसऱ्या राज्यात आहे. आपण शाळेत होतो तेव्हा गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी हे सगळे भंडारा जिल्ह्यातच होते. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि आपल्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या गावांचा जिल्हा बदलला. सीमा अशा सरकत राहतात. नाव मात्र नऊशे वर्षे टिकून आहे.

आता मुख्य मुद्दा. शिलालेखात भानारा हे नाव आहे, पण त्या नावाचा अर्थ नाही. ती फक्त यादी आहे. त्यामुळे १११४ साली हा मुलूख या नावाने ओळखला जात होता, एवढे त्यातून सिद्ध होते. भंडारा हे नाव भानारावरून आले असे म्हणणे म्हणजे आजचे नाव कालच्या नावावरून आले असे म्हणणे. ते खरेच आहे. पण ‘कशावरून पडले’ या प्रश्नाचे ते उत्तर होत नाही. मुंबई हे नाव कशावरून पडले या प्रश्नाला ‘मुंबई हे आधीपासून मुंबईच होते’ असे उत्तर दिले, तर कोणते सर दोन गुण देतील? म्हणजे मी दोन गुण मिळवलेले उत्तर अर्धेच होते.

मग मित्राचे उत्तर? गंमत अशी की ते अगदीच वाऱ्यावरचे नव्हते. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्ये भंडारा शहराचा मुख्य धंदा म्हणून पितळकामाची नोंद आहे, आणि भाना म्हणजे पितळेचे ताट यावरून गावाचे नाव पडल्याचे म्हटले आहे. म्हणजे ही समजूत त्याच्या आजोबांची एकट्याची नव्हती. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अधिकाऱ्यांनी गावात विचारपूस केली, तेव्हाही लोक हेच सांगत होते. शब्दही अस्सल आहे. जुन्या मराठीत भाणे म्हणजे ताट. आपल्या झाडीपट्टीत ण चा उच्चार न होतो, पाणी हे पानी होते आणि लोणी हे लोनी, तसे भाणे हे भाना झाले. आणि आता शिलालेखातले नाव पुन्हा वाचा : भानारा. त्यातली पहिली दोन अक्षरे मित्राच्या उत्तरातलीच आहेत. सरांनी पुरावा मागितला होता, आणि त्यांनीच दिलेला पुरावा मित्राच्या उत्तराला खोटे ठरवत नव्हता. इ. स. १११४ मध्ये येथे पितळेची ताटे घडत होती असे तो लेख म्हणत नाही, हे खरे. पण नव्हती असेही म्हणत नाही.

वर्गात तिसरेही एक उत्तर होते, बहुतेक मोहाडी आणि लाखनीकडच्या शेतकऱ्यांच्या मुलांचे. त्यांनी लिहिले होते, ‘येथे धानाचे भांडार आहे, म्हणून भंडारा.’ हे उत्तर कोणालाही सहज पटण्यासारखे आहे. वैनगंगेचे खोरे, कोहळी मालगुजारांनी पिढ्यान् पिढ्या बांधलेले शेकडो तलाव, त्या पाण्यावर डोलणारे धान. अशा मुलखाला धान्याचे कोठार म्हणायला कोणाची हरकत असणार? फक्त एक अडचण आहे. सर्वांत जुन्या उल्लेखात ड नाही. नाव मुळात भांडारवरून पडले असते, तर संस्कृत लेख लिहिणाऱ्या पंडिताला भांडार हा शब्द लिहायला काय अडचण होती? तो तर संस्कृतच शब्द. भाण्ड म्हणजे भांडे आणि आगार म्हणजे जागा, भांडीकुंडी आणि वस्तू ठेवायची जागा ते भाण्डागार. पंडिताने तसे न लिहिता भानारा लिहिले, म्हणजे त्याच्या कानावर तेच नाव आले होते.

मग हा ड आला कोठून? याचे उत्तर आपल्या जिभेत आहे. न नंतर लगेच र उच्चारायचा झाला, की मध्ये द चा स्पर्श आपोआप होतो. संस्कृतातला वानर मराठीत वांदर झाला तो असाच. इंग्रजीतला मेघगर्जनेचा शब्द थंडर, तोही मूळचा थुनोर होता, मधला ड नंतर शिरला. भानारा घाईने म्हणून पाहा, भान्‌रा होते, आणि भान्‌राचे भांद्रा व्हायला वेळ लागत नाही.

पण नुसत्या जिभेचे काम असते तर वांदरासारखे ‘भांदरा’ झाले असते. आपल्या नावात द नाही, ड आहे. मला असे वाटते की येथे जिभेच्या मदतीला कान आला. भांडे आणि भांडार हे शब्द प्रत्येक घरात रोज वापरातले. अर्थ विसरलेले एक जुने नाव लोकांच्या कानावर पडे आणि त्यांना त्यात आपल्या ओळखीचा शब्द ऐकू येई. हळूहळू नावच त्या ओळखीच्या शब्दाकडे झुकले. हा बदल बराच जुना असावा. महानुभाव पंथाच्या लीळाचरित्रात तेराव्या शतकातल्या चक्रधरस्वामींचे एक शिष्य निळभट्ट भांडारेकार यांच्या लीळा आहेत, आणि परंपरा त्यांना आपल्याच भंडाऱ्याचे मानते. आज हाती असलेल्या पोथ्या नंतरच्या नकला आहेत हे लक्षात घेतले, तरी त्यांच्या आडनावातला ड बोलका आहे.

गावाच्या नावात लोकांना आपलाच शब्द ऐकू येणे ही काही आपल्याकडचीच गोष्ट नाही. इंग्लंडमधल्या यॉर्क शहराची हकीकत याहून रंजक आहे. रोमन सैन्याने इ. स. ७१ मध्ये तेथे छावणी टाकली. तेथल्या मूळ केल्टिक भाषेतले नाव त्यांनी लॅटिनमध्ये एबोराकुम असे लिहिले. ‘यू’ नावाच्या सदाहरित झाडांची जागा, असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात. रोमन गेले, अँग्लो-सॅक्सन आले. त्यांना एबोर म्हणजे काय ते कळेना. पण त्यांच्या भाषेत एओफोर म्हणजे रानडुक्कर. त्यांनी गावाला एओफोरविक केले, रानडुकराचे गाव. इ. स. ८६६ मध्ये डेन्मार्ककडचे व्हायकिंग आले, त्यांच्या तोंडी ते योर्विक झाले, आणि योर्विकचे घासून घासून यॉर्क झाले. ८६६ हा आकडा आपल्या शिलालेखातल्या संवताचाही आहे. हा निव्वळ योगायोग, पण इतिहासाच्या सरांना आवडला असता म्हणून लिहिला.

झाडांच्या गावाचे डुकरांचे गाव झाले, म्हणून अँग्लो-सॅक्सनांना कोणी शून्य गुण देत नाही. उलट त्या चुकीवरूनच कळते की त्या गावात एके काळी कोणती माणसे येऊन राहिली आणि त्यांची भाषा कोणती होती. नावाची उत्पत्ती ही एक गोष्ट आणि लोकांनी त्याला दिलेला अर्थ ही दुसरी. पहिली सांगायला शिलालेख लागतो. दुसरी सांगायला आजोबा लागतात. पहिलीसाठी दुसरी फेकून दिली, तर गावाचा अर्धा इतिहास हातचा जातो.

आपल्या डोळ्यांदेखत झालेली नावे पाहा. भंडारा रोड हे स्टेशन भंडाऱ्यात नाही, ते वरठीला आहे. तुमसर रोड तुमसरात नाही, देव्हाडीला आहे. रेल्वेचा रूळ ज्या शहरापासून दूर गेला, त्या शहराकडे जाणारा रस्ता जेथून फुटतो त्या स्टेशनाला रेल्वेने ‘रोड’ जोडून नाव दिले. शे-दोनशे वर्षांनी कोणी विचारील की वरठीच्या स्टेशनाला हे नाव का, आणि कागदपत्र हाती नसले तर तो काहीतरी गोष्ट रचील. त्या गोष्टीत रेल्वे नसेलही, पण त्याच्या काळचे काहीतरी नक्की असेल.

आजोबांच्या गोष्टीतही त्यांचा काळ होता. तो आपण सगळ्यांनी थोडाफार पाहिला आहे. शाळेत जाताना त्या आळीतून गेले की ठोक्यांचा आवाज येई. एकाच वेळी चार घरांतून ठोके पडत, पण ताल चुकत नसे. दाराशी गुंड, गंज, कोपर उपडे घालून ठेवलेले असत, काही काळे, काही घासून चकचकीत केलेले. लग्नसराईत भांड्यांवर नावे कोरून घ्यायला खेड्यापाड्यांतून बैलबंड्या येत. माझ्या आईच्या रुखवतातल्या कोपरावर तिचे माहेरचे नाव, गाव आणि तिथी कोरलेली आहे. तेव्हा मुलीला पितळ दिले की ते तिचे धन होते, अडीअडचणीला मोडीतही त्याला भाव येई. मग स्टील आले. हलके, स्वस्त, कल्हई नको, चिंचेने घासायला नको. एकेक भट्टी विझत गेली. जो गाव पितळी शहर म्हणून ओळखला जात होता, तेथे ठोके ऐकायला आज मुद्दाम जावे लागते.

मागच्या दिवाळीत गावी आलो तेव्हा त्या मित्राच्या दुकानात गेलो. दुकान भांड्यांचेच आहे, पण माल स्टीलचा. घरची भट्टी त्याच्या वडिलांच्या हयातीतच बंद झाली. चहा पिता पिता मी त्याला शिलालेखाची सगळी हकीकत सांगितली. भानारा शब्द कागदावर लिहून दाखवला आणि म्हटले, “तुझं उत्तर चूक नव्हतं.” तो कागदाकडे बराच वेळ पाहत राहिला. मग मागच्या खोलीत गेला आणि एक जुने, जड ताट घेऊन आला. काठ थोडा वाकलेला. “आजोबाच्या हातचा भाना आहे,” तो म्हणाला, “हा मोडीत नाही काढला.” मी ताट हातात घेतले. मागच्या बाजूला ठोक्यांच्या खुणा बोटांना लागत होत्या.

सर आज आपल्यात नाहीत. त्यांनी शून्य दिले यात आकस नव्हता. परीक्षेला एकच उत्तर लागते, आणि त्यांच्याकडे दगडावरचा पुरावा होता. पुरावा मागायला त्यांनीच शिकवले, म्हणून तर हा लेख लिहिता आला. पण ते असते तर मी त्यांना विनंती केली असती की पेपर पुन्हा तपासा, सर. माझा एक गुण कापा, कारण मी अर्धेच उत्तर पाठ केले होते. धानाच्या भांडाराचे उत्तर लिहिणाऱ्यांना अर्धा द्या, कारण नाव त्यांच्या शब्दाकडे झुकले. आणि मित्राला एक गुण द्या, कारण त्याने आपल्या घरातला इतिहास लिहिला होता आणि तो लिहिणारे आता फार थोडे उरले आहेत.

मित्रांनो, मेळाव्याला येताना एक काम करा. आपापल्या गावाचे नाव कशावरून पडले हे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून या. साकोली, पवनी, अड्याळ, लाखांदूर, सानगडी, कोणतेही गाव असो. जे सांगतील ते जसेच्या तसे, त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. खरे की खोटे ते मागाहून पाहू. आपल्या मित्राने तो भाना मेळाव्याला आणायचे कबूल केले आहे. त्या दिवशीचा पहिला घास त्यात वाढून सरांच्या फोटोपुढे ठेवावा, अशी सूचना मी समितीकडे केली आहे. मित्राचीही तीच इच्छा आहे.